हवेचे पांघरूण : कशाचे बनले आहे आणि किती जाड आहे?

केरळात तिरुवनंतपुरम शहराच्या उत्तरेस, अरबी समुद्राच्या वाळूत थुंबा नावाचे कोळ्यांचे एक खेडे आहे. तेथे संत मेरी मग्दालेना हिच्या नावाचे एक जुने चर्च आहे. या चर्चमध्ये आज उपासना होत नाही. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी डॉ. विक्रम साराभाई वातावरणाच्या वरच्या थरांत अग्निबाण सोडण्यासाठी जागा शोधीत होते, आणि त्यांच्या मनात भरलेली जागा नेमकी या चर्चच्या आवारात येत होती. ते बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. पुढे काय घडले ते डॉ. अब्दुल कलाम यांनी सांगून ठेवले आहे : बिशपांनी त्यांना त्याच क्षणी उत्तर न देता रविवारी मिस्साला बोलावले, सर्व मंडळीपुढे ही मागणी मांडली, आणि लोकांनी एकमुखाने ‘आमेन’ म्हटले. जवळच पळ्ळितुरा येथे मंडळीसाठी दुसरे चर्च उभे राहिले. जुने चर्च शास्त्रज्ञांचे कार्यालय झाले आणि बिशपांच्या निवासातही काम सुरू झाले. अग्निबाणाचे सुटे भाग सायकलवरून नेले जात असल्याची त्या दिवसांतील छायाचित्रे पुष्कळांनी पाहिली असतील.

ही कथा आपल्या मंडळ्यांत अधूनमधून सांगितली जाते, आणि ती सांगण्याजोगी आहेच. तथापि ज्या गोष्टीच्या अभ्यासासाठी त्या गरीब कोळ्यांनी आपले देवाचे घर सोडले, ती गोष्ट काय होती, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. ती गोष्ट म्हणजे हवा; या ओळी वाचताना आपण जी आत घेतो आणि बाहेर सोडतो तीच. प्रस्तुत लेखात आपण तिचाच अभ्यास करू : ती कशाची बनली आहे, तिचे थर कोणते, आणि ते थर माणसाला कसे कळत गेले. ओघात, पवित्र शास्त्र याविषयी काय म्हणते आणि काय म्हणत नाही, तेही पाहू.

हवेला वजन आहे

ईयोबाच्या पुस्तकातील २८ व्या अध्यायात ज्ञान कोठे सापडेल असा प्रश्न केलेला आहे, आणि त्या ओघात २५ व्या वचनात देवाने वाऱ्याला वजन व जलांना माप नेमून दिले असा उल्लेख येतो. काव्याची ती भाषा आहे. परंतु जगातील बहुतेक विद्वान हवेला वजन नसतेच असे कित्येक शतके समजत होते, हेही खरे.

इटलीतील टॉरिचेली याने १६४३ च्या सुमारास एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली. पारा थोडा खाली उतरला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थांबला. तो पूर्ण का उतरत नाही? टॉरिचेलीचे उत्तर असे की, बाहेरची हवा भांड्यातील पाऱ्यावर दाब देत आहे आणि तिच्याच भाराने नळीतील पारा तोलून धरलेला आहे. आपण हवेच्या एका महासागराच्या तळाशी राहतो, अशी कल्पना त्याने मांडली.

हे खरे असेल तर डोंगरावर, जेथे वर हवा कमी आहे तेथे, पारा अधिक खाली उतरला पाहिजे. हा विचार ब्लेझ पास्कालच्या मनात आला. ख्रिस्ती चिंतक म्हणून ज्याचे नाव आपल्याला परिचित आहे तोच हा पास्काल. त्याची प्रकृती नाजूक असल्यामुळे त्याने फ्रान्समधील क्लेरमाँ गावी राहणारे आपले मेहुणे फ्लोरँ पेरिये यांना हे काम सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिये काही प्रतिष्ठित नागरिक व धर्मगुरू यांना बरोबर घेऊन पाऱ्याची नळी व भांडे यांसह प्वी द दोम हा सुमारे १,४६५ मीटर उंचीचा डोंगर चढले. माथ्यावर पारा तळापेक्षा तीन इंचांहून अधिक खाली उतरलेला दिसला. सोबतची मंडळी आश्चर्याने थक्क झाली. या प्रयोगातील मला सर्वांत आवडणारा भाग मात्र डोंगरावर घडलेला नाही. तशीच दुसरी एक नळी खाली गावातील मठाच्या बागेत ठेवलेली होती आणि मठातील एक संन्यासी दिवसभर तिच्यावर डोळा ठेवून बसला होता. तिच्यातला पारा हलला नाही. तो हलला नाही म्हणूनच डोंगरावरच्या बदलाला अर्थ आला. ज्याने दिवसभर काही न घडताना पाहिले, त्या संन्याशाचा वाटा पेरियेंच्या चढणीइतकाच मोलाचा आहे.

आज आपल्याला हे वजन आकड्यांत सांगता येते. समुद्रसपाटीवर एक घनमीटर हवेचे वजन साधारण सव्वा किलो भरते. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा साध्या खोलीतील हवा चाळीस किलोंहून अधिक असते, म्हणजे जवळजवळ एका पोत्याएवढी. जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो हवेचा भार आहे. उघड्या तळहातावर शंभर किलोंहून अधिक. आपण चिरडले जात नाही, कारण हा दाब सर्व बाजूंनी सारखाच असतो आणि आपल्या शरीराच्या आतही तो तितकाच आहे.

उंचीवर दाब कमी होतो याचा अनुभव उटी, कोडाईकनाल किंवा सिमल्यास राहणाऱ्या आपल्या वाचकभगिनींना स्वयंपाकघरातच येतो. तेथे पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे ९३ अंशांवरच उकळू लागते, आणि लेह येथे सुमारे ८८-८९ अंशांवर. पाणी खळखळत असते, पण डाळ शिजत नाही. प्रेशर कुकर हा पहाडी घरात चैनीचा नव्हे, गरजेचा का असतो, त्याचे कारण हेच.

हवा कशाची बनली आहे?

हवा हा एकच पदार्थ नसून ते मिश्रण आहे, हे समजण्यास टॉरिचेलीनंतरही शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. त्या शोधात एका पाळकाचा मोठा भाग आहे. इंग्लंडमधील लीड्स येथील मिल हिल चॅपेलचा पाळक जोसेफ प्रीस्टली याने बंद भांड्यात मेणबत्ती जळू दिली. ती विझली, म्हणजे आतील हवा ‘बिघडली’. त्या बिघडलेल्या हवेत त्याने पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी, १७७१ च्या ऑगस्टमध्ये, त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटून जळू लागली! प्राण्यांच्या श्वासाने आणि अग्नीने खर्च झालेली हवा वनस्पती पुन्हा भरून काढतात, हे प्रथम येथे दिसले. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १७७४ रोजी, मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापविताना त्याला असा वायू मिळाला की ज्यात ज्योत अधिकच तेजाने जळे. त्याचा खरा अर्थ फ्रान्सच्या लाव्हाझियेने लावला. यालाच आपण प्राणवायू म्हणतो. प्रीस्टलीची धर्ममते बहुतेक मंडळ्यांना मान्य होण्यासारखी नव्हती, आणि आजही नाहीत. त्याच्या राजकीय मतांमुळे तर १७९१ मध्ये जमावाने बर्मिंगहॅम येथील त्याचे घर जाळले. सत्य शोधणाऱ्याशी सर्व बाबतींत सहमत असलेच पाहिजे असे नाही. त्याच्या हातून आपल्याला पुदिन्याची ती डहाळी मिळाली एवढे पुरे.

कोरड्या हवेचे शंभर भाग केले, तर त्यांत ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग प्राणवायू आणि जवळजवळ एक भाग आरगॉन असतो. उरलेल्या अत्यल्प अंशात कार्बन डाय-ऑक्साइड, निऑन, हेलियम आणि इतर काही वायू येतात. याशिवाय पाण्याची वाफ असते. तिचे प्रमाण ठरलेले नाही. ती थंड वाळवंटात नगण्य, तर आपल्या कोकण-केरळच्या पावसाळी हवेत शंभरात चार भागांपर्यंत जाते.

नायट्रोजन हा सर्वांत विपुल, आणि आपण त्याच्याकडे सर्वांत दुर्लक्ष करतो. श्वासाबरोबर तो आत जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो. त्याच्या रेणूतील दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की वीज कडाडल्याखेरीज किंवा विशिष्ट जंतूंच्या मदतीखेरीज ते सहसा सुटत नाहीत. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जंतू हे काम करतात, म्हणून कडधान्याच्या पाठोपाठ घेतलेले पीक चांगले येते. आपल्या शरीरातील प्रत्येक प्रथिनात हवेतला हा नायट्रोजन आहे, पण तो नाकावाटे नव्हे, ताटातून आपल्यापर्यंत आला आहे.

त्याचे दुसरे काम म्हणजे प्राणवायूला आवर घालणे. प्राणवायूचे प्रमाण पुष्कळ घटले तर चूल पेटणार नाही आणि माणूस गुदमरेल. ते पुष्कळ वाढले तर ओल्या रानातही वणवे भडकतील. २१ हा आकडा एकदाच लिहून ठेवलेला आहे असे मात्र समजू नये. प्रत्येक श्वास, प्रत्येक चूल, प्रत्येक इंजिन प्राणवायू खर्च करीत असते, आणि शेतातील प्रत्येक हिरवे पान व समुद्रातील सूक्ष्म शेवाळ तो निर्माण करीत असते. निर्माणकर्त्याने हवा भरून झाकण लावले नाही. त्याने ती निरंतर भरली जाण्याची व्यवस्था केली. मला तरी यात अधिक थोर कारागिरी दिसते.

आरगॉनची गोष्ट शोधकाच्या चिकाटीची आहे. १७८५ मध्ये हेन्री कॅव्हेंडिश याने हवेतील प्राणवायू व नायट्रोजन रासायनिक क्रियेने काढून टाकले, तेव्हा एक लहानसा बुडबुडा शिल्लक राहिला. तो मूळ भागाच्या १२० व्या हिश्श्याहून अधिक नाही, असे त्याने प्रामाणिकपणे नोंदविले. शंभराहून अधिक वर्षे त्या नोंदीकडे कोणी वळून पाहिले नाही. १८९४ मध्ये लॉर्ड रॅले आणि विल्यम रॅमझी यांनी दाखवून दिले की, तो बुडबुडा म्हणजे एक स्वतंत्र मूलतत्त्व आहे. कशाशीही संयोग न पावणाऱ्या या वायूला त्यांनी ‘आळशी’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आरगॉन हे नाव दिले. आज विजेच्या साध्या दिव्यांत आणि वेल्डिंगच्या कारखान्यांत हा आळशी पुष्कळ कामाला येतो.

कार्बन डाय-ऑक्साइड प्रमाणाने अगदी थोडा, पण पांघरुणाची ऊब मुख्यतः तो आणि पाण्याची वाफ यांवर अवलंबून आहे. सूर्यप्रकाश हवेतून खाली येतो, जमीन तापते, आणि जमिनीची उष्णता परत जाऊ लागली की हे वायू तिचा काही भाग अडवितात. जॉन टिंडल याने हे १८५९ मध्ये प्रयोगाने दाखविले. ही ऊब नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंश असते. ते शून्यावर सुमारे १५ अंश आहे ते या वायूंमुळे. परंतु पांघरूण जाडही होऊ शकते. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर रोजचे मापन सुरू केले तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. ही वाढ कोळसा व खनिज तेल जाळून आपण केलेली आहे. तिच्याविषयी मंडळीत बोलणे म्हणजे राजकारण, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. उत्पत्तीच्या २ ऱ्या अध्यायात मनुष्याला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवले होते, आणि हवा हा त्या बागेचा भाग नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

‘अंतराळ’ या शब्दाविषयी

थरांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दुसऱ्या दिवशी देव जलांमध्ये अंतराळ करतो आणि त्याला आकाश म्हणतो. हा अंतराळ म्हणजे वातावरणच, असे संडे स्कूलच्या वर्गात आपण सहज सांगतो. त्याहून पुढे जाऊन काही वक्ते वातावरणाचे थर मोजतात आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील तिसऱ्या स्वर्गाशी त्यांचा मेळ घालतात. असे करू नये, अशी माझी नम्र सूचना आहे. मूळ इब्री शब्द ‘राकिया’ हा ठोकून पसरविणे, पत्रा करणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. वर दिसणारा निळा विस्तार पाहून त्या काळचा मनुष्य जे म्हणेल, तेच शब्द तेथे आहेत. तो अध्याय आपल्याला हे सर्व कोणाचे आहे ते सांगतो. थर किती आणि कोणत्या उंचीवर, हे सांगण्याचा त्याचा हेतू नाही. शास्त्रज्ञांनी उद्या थरांची सीमा बदलली, तर आपल्या मुलांच्या मनात वचनही डळमळावे, असा धोका आपण होऊन का पत्करावा?

पवित्र शास्त्राला हवेविषयी जे सांगावयाचे आहे ते एका शब्दात साठले आहे. इब्री ‘रूआख’ या शब्दाचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिहेरी आहे. यहेज्केलाच्या ३७ व्या अध्यायातील शुष्क अस्थींच्या दृष्टांतात हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि भाषांतर करणाऱ्याला प्रत्येक ठिकाणी थांबून निवड करावी लागते. आपल्याला जिवंत ठेवणारी वस्तू दिसत नाही, धरता येत नाही आणि साठविता येत नाही, हे त्या लोकांना पुरते ठाऊक होते.

तपांबर : जेथे आपण राहतो

आता वर चढू या. जमिनीला लागून असलेल्या थराला तपांबर म्हणतात. ढग, पाऊस, वादळे, मॉन्सून हे सर्व जवळजवळ याच थरात घडते, आणि एकूण हवेचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग येथेच आहे. याची उंची सर्वत्र सारखी नाही : ध्रुवांवर आठ-नऊ किलोमीटर, तर आपल्या देशावर सोळा-सतरा किलोमीटर. येथे दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. डोंगर सूर्याच्या जवळ असूनही थंड का, या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, हवा थेट सूर्याने फारशी तापत नाही. ती तापलेल्या जमिनीकडून तापते, आणि वर जाणारी हवा प्रसरण पावून निवते.

कधी कधी हा क्रम उलटतो. उत्तर भारतात हिवाळ्याच्या स्तब्ध रात्री जमिनीजवळची हवा थंड व वरची उबदार होते. मग खालची हवा वर चढू शकत नाही, आणि धूर झाकणाखाली कोंडावा तसा कोंडतो. दिल्ली व आसपासच्या मंडळ्यांतील वाचकांना हे शब्दांत सांगण्याची गरज नाही. नाताळच्या पहाटेच्या उपासनेला जाताना त्यांनी ते छातीत अनुभवले आहे.

या थराची वरची बाजू मनुष्याने प्रथम जिवावर उदार होऊन पाहिली. ५ सप्टेंबर १८६२ रोजी जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल हे दोघे इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथून फुग्यात बसून वर गेले. प्राणवायूची नळकांडी नव्हती, गरम पोशाखही नव्हता. ग्लेशर दर काही मिनिटांनी उपकरणे वाचून आकडे लिहीत होता. सुमारे ८,८०० मीटरांवर, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीवर, त्याची दृष्टी गेली, हात लुळे पडले आणि तो बेशुद्ध झाला. फुग्यातील वायू सोडणारी दोरी गुंतली होती. कॉक्सवेल वरच्या कड्यावर चढला. परंतु त्याचे हात थंडीने काळे पडून निकामी झाले होते. त्याने दोरी दातांत धरली आणि मानेला हिसके देऊन ती ओढली. फुगा खाली येऊ लागला. शुद्धीवर आल्यावर ग्लेशरने पेन्सिल उचलली आणि पुन्हा आकडे लिहावयास घेतले.

असे होते तर वर जात राहिल्यास थंडी वाढतच जाईल, असेच सर्वांना वाटे. फ्रान्सचा तेसराँ द बोर याने पॅरिसजवळच्या त्राप येथून उपकरणे बांधलेले दोनशेंहून अधिक निर्मनुष्य फुगे सोडले. सुमारे ११ किलोमीटरांवर तापमान उतरण्याचे थांबते, असे त्याच्या आकड्यांत पुनःपुन्हा दिसू लागले. प्रथम त्याला वाटले की उन्हाने तापमापक तापत असावा. म्हणून त्याने फुगे रात्री सोडले. तरीही तेच! १९०२ मध्ये त्याने हा निष्कर्ष जाहीर केला. त्याच सुमारास जर्मनीच्या रिचर्ड आसमान यानेही स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला.

तापमान थांबण्याच्या या सीमेला तपस्तब्धी म्हणतात, आणि तिचे महत्त्व सामान्य वाचकाच्या लक्षात येत नाही. आपल्या देशावर ती सर्वांत उंच, म्हणून सर्वांत थंडही. तेथे शून्याखाली पंचाहत्तर-ऐंशी अंश थंडी असते. वर चढणारी वाफ तेथे पोहोचता पोहोचता गोठते आणि हिमकण होऊन खाली येते. ती तशीच वर गेली असती तर सूर्याच्या तीव्र किरणांनी तिचे तुकडे होऊन त्यातील हायड्रोजन कायमचा अवकाशात निसटला असता, आणि कालांतराने समुद्र ओसरले असते. उपदेशक १:७ मध्ये नद्या समुद्राला मिळूनही समुद्र भरत नाही असे म्हटले आहे. समुद्र रिकामाही का होत नाही, त्याचे एक कारण हे थंड झाकण आहे.

स्थितांबर आणि ओझोन

तपस्तब्धीपासून सुमारे ५० किलोमीटरांपर्यंतचा थर म्हणजे स्थितांबर. येथे वर जावे तसे तापमान वाढते, कारण येथे ओझोन वायू आहे. प्राणवायूचे तीन अणू एकत्र येऊन तो बनतो आणि सूर्याचे घातक अतिनील किरण तो शोषून घेतो. हे किरण जमिनीपर्यंत पोहोचते तर पिके करपली असती, डोळ्यांत मोतीबिंदू व त्वचेवर कर्करोग वाढले असते. आणि हे संरक्षण किती जाड? सर्व ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाखाली पसरला तर सुमारे तीन मिलिमीटर!

१९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी इशारा दिला की, शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुओरोकार्बन ही द्रव्ये वर जाऊन ओझोनचा नाश करतील. उत्पादकांनी त्यांना विरोध केला. १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर व जोनाथन शँक्लिन या तिघांनी अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील नोंदींवरून दाखविले की, तेथे वसंत ऋतूत ओझोनमध्ये मोठी घट होत आहे. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, माँट्रिऑल येथे राष्ट्रांनी ही द्रव्ये बंद करण्याचा करार केला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. मोलिना व रोलंड यांना, पॉल क्रुट्झेन यांच्यासह, १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार, करार असाच पाळला गेला तर अंटार्क्टिकावरील ओझोन २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर परत येईल. मनुष्याने केलेले नुकसान मनुष्यानेच ओळखून, कबूल करून, थांबविल्याचे हे उदाहरण आहे. पश्चात्ताप हा शब्द सरकारांना लावता येतो की नाही हे मला ठाऊक नाही; येथे तरी त्याची फळे दिसत आहेत.

मध्यांबरापासून पुढे

५० ते सुमारे ८५ किलोमीटरांमधील मध्यांबरात पुन्हा थंडी वाढत जाते आणि माथ्याशी ती शून्याखाली नव्वद अंशांच्या आसपास पोहोचते. रात्री आपण ‘तारा तुटला’ म्हणतो, तो तारा नसून अवकाशातून आलेला खडा असतो, आणि तो बहुधा याच उंचीवर जळून जातो. हवा तेथे अतिविरळ असूनही तेवढी पुरते.

त्याच्या वरच्या दलांबरात तापमान हजार अंशांच्या वर जाते. पण कण इतके विरळ की तेथे हात ठेवला तर भाजणार नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटरांवर याच थरात फिरते. सूर्यकिरणांनी येथील अणू विद्युत्भारित होतात, म्हणून या पट्ट्याला आयनांबर असेही नाव आहे. रेडिओच्या लघुलहरी त्यावर आपटून परत येतात. एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये हा परावर्तक थर प्रत्यक्ष सिद्ध केला. आपल्याकडे कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी १९४७ मध्ये वरच्या वातावरणावर लिहिलेला ग्रंथ जगभर वापरला गेला. आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल, रात्री ट्रान्झिस्टरची सुई फिरविता फिरविता सेशेल्स बेटांवरून येणारे भारतीय भाषांतील सुवार्ता कार्यक्रम लागत असत. २००३ मध्ये ते लघुलहरी प्रक्षेपण बंद झाले. आवाज मध्येच क्षीण होई, पुन्हा उमटे. तो दोष ट्रान्झिस्टरचा नव्हता. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडताना ते वचन ज्या छतावर आपटून आपल्या घरात येई, ते छतच वर-खाली होत असे.

त्याहून वर बाह्यांबर. तेथे हायड्रोजन व हेलियम यांचे तुरळक अणू विहरत असतात आणि काही कायमचे निसटतात. हवा येथे संपली, असे सांगता येईल अशी रेघ नाही. १०० किलोमीटरांवर अवकाश सुरू होते असे मानतात, ते सोयीसाठी. शाळेतील ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला तर ही शंभर किलोमीटरांची उंची अडीच मिलिमीटरांहूनही थोडी कमी होईल. आणि जगातील निम्मी हवा जमिनीपासून साडेपाच किलोमीटरांच्या आत आहे; त्या गोलावर ती जाडी गोलाला चिकटविलेल्या कागदाएवढीच.

थुंबा का, याचे उत्तर आता देता येते. पृथ्वीची चुंबकीय विषुववृत्त रेषा त्या गावाच्या जवळून जाते, आणि तिच्यावर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर आयनांबरात विजेचा एक प्रचंड प्रवाह दिवसभर पूर्वेकडे वाहत असतो. फुगे तेथवर चढत नाहीत. उपग्रह इतके खाली टिकत नाहीत. त्या हवेला स्पर्श करावयाचा तर अग्निबाणच हवा. २१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी पहिला अग्निबाण त्या चर्चच्या आवारातून वर गेला. त्याने उंचावर सोडियमची वाफ सोडली. खाली सूर्य मावळला होता, पण वर ऊन होते, त्यामुळे ती वाफ नारिंगी रंगाने उजळली आणि वाऱ्याबरोबर पसरू लागली. जो वारा कोणी कधी पाहिला नव्हता, त्याची दिशा किनाऱ्यावरचे लोक खालून पाहत होते.

चर्चच्या त्या इमारतीत आता अवकाश संग्रहालय आहे. तिच्या शेजारून सत्तर-ऐंशी किलोमीटर उंची गाठणारे ‘रोहिणी-२००’ हे लहान अग्निबाण वरच्या थरांतील वारे मोजण्यासाठी वर्षानुवर्षे सोडले जात आहेत. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी त्यांचे सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण झाले.